डोक्यावरचे ठिपके

पक्षी बघून परतलेल्या माणसाला पहिला प्रश्न हमखास येतो, "किती झाले?" रविवारी दुपारी आसनगावच्या फलाटावर तो कायम कानावर पडतो. गळ्यात दुर्बीण, पाठीवर कॅमेऱ्याची जड बॅग, बुटांना लाल माती आणि ओठांवर आकडा. बासष्ट. अठ्ठेचाळीस. "पस्तीसच रे, ढग होते ना." माहुली उतरून आलेले ट्रेकर, मानस मंदिराचं दर्शन घेऊन निघालेली कुटुंबं, रानभाजीच्या पाट्या सांभाळत कल्याणला निघालेल्या बायका आणि हे आकडेवाले, सगळे त्याच एका कसाऱ्याहून येणाऱ्या लोकलची वाट बघत असतात. आकडा मोजण्यात गैर काही नाही, माझ्याही वहीत याद्या आहेत. पण आकडा वाढवायच्या नादात रोज दिसणाऱ्या पक्ष्यांकडे बघणंच थांबतं. "साधा पिंगळा आहे, चला पुढे" हे वाक्य इतर कुठेही खपून जाईल. शहापूर तालुक्यात तरी ते कुणी उच्चारू नये.

ते का, हे सांगायचं तर तानसापासून सुरुवात करावी लागेल. मुंबईकराला तानसा हे नाव नळामुळे माहीत असतं. तानसाचं दगडी धरण १८९२ साली पुरं झालं आणि तेव्हापासून मुंबई या खोऱ्याचं पाणी पिते आहे. पुढे मोडकसागर आला, भातसा आला. तलावाभोवतीचं रान पाणलोटासाठी राखलं गेलं आणि कालांतराने त्याचं अभयारण्य झालं. म्हणजे शहराची तहान हीच या रानाची राखण ठरली. त्या तहानेचा दुसरा हिशोबही आहे. तो एप्रिल-मे महिन्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकरची वाट बघणाऱ्या बायकांना विचारावा, पक्षी बघायला आलेल्या माणसाने त्यावर फार बोलू नये.

हे रान दिसायला काही देखणं नाही. साग, ऐन, खैर, मोह, हेदू, कळंब. पावसात हिरवंगार होतं, त्यामुळे पावसाळी सहलींचे फोटो छान येतात; पण जानेवारी सरला की पानगळ सुरू होते आणि मार्चमध्ये सगळं तांबूस-करडं, उघडं पडतं. वाळलेलं सागाचं पान पायाखाली आलं की पापड मोडावा तसा आवाज होतो आणि आसपासचे सगळे पक्षी सावध होतात. या उघड्या दिवसांतच हे रान बघावं. पानंच नसल्यामुळे लपायला जागा नाही. पळस आणि काटेसावर फुलतात आणि त्यांच्यावर भोरड्या, जंगली मैना, कोतवाल, शिंजीर, हिरवे हरबोले यांची अशी झुंबड उडते, की नवशिक्याने एका फुललेल्या झाडाखाली सतरंजी टाकून बसावं, बाकी कुठे जाऊच नये.

पिंगळा मात्र रानात शोधावा लागत नाही. तो गावातच असतो. मुरबाडकडे सरळगावच्या पुढे एका शाळेच्या आवारात जुना आंबा आहे, त्याच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी राहते. मधल्या सुट्टीत खाली साठ-सत्तर पोरं ओरडत असतात आणि वर फांदीवर, बुंध्याला टेकून, हे दोघे पेंगत असतात. मूठभर जीव, राखट तपकिरी, गोल डोकं. खालून कुणी टक लावून पाहिलं की एकाचे डोळे उघडतात, पिवळेजर्द. मग मान खाली-वर, खाली-वर होते, भुवया चढतात आणि मुख्याध्यापकांनीही केली नसेल अशी नाराजी चेहऱ्यावर येते. दुर्बीण लावून डोकं बघावं. कपाळापासून मागे मानेपर्यंत बारीक पांढरे ठिपके, तांदळाची कणी विखुरल्यागत. मानेवर तुटक पांढरी पट्टी. पोटावर तपकिरी ठिपक्यांच्या ओळी. संध्याकाळ झाली की दोघांचा कचकचाट सुरू होतो; ते भांडत असतात की बोलत असतात हे आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. पहाटे कंदील घेऊन दारात येणारा आणि घराचं भविष्य सांगणारा पिंगळा जोशी या पक्ष्याची भाषा कळते असं सांगायचा. तो हल्ली क्वचितच येतो. पक्षी आहे.

या पिंगळ्याकडे नीट बघून ठेवायला हवं, याचं कारण त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा एक पक्षी. त्याची गोष्ट दीडशे वर्षांची आहे आणि तिच्यात एक चोरही आहे.

१८७२ साली एफ. आर. ब्लेविट या गृहस्थांनी आजच्या छत्तीसगडात एक छोटं घुबड मारलं. पुढच्या वर्षी अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी ते नवीन जात म्हणून जाहीर केलं आणि त्याला ब्लेविटचं नाव दिलं. ह्यूम आपल्याला शाळेच्या इतिहासातून ठाऊक आहेत, १८८५च्या काँग्रेसच्या स्थापनेतले. त्याआधी हा माणूस पक्ष्यांच्या मागे अक्षरशः वेडा होता. 'स्ट्रे फेदर्स' नावाचं पक्षिशास्त्राचं नियतकालिक त्यांनी स्वतः काढून चालवलं. ब्लेविटच्या घुबडाला आपण रानपिंगळा म्हणतो. पुढच्या काही वर्षांत खानदेशात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने त्याचे आणखी नमुने मिळवले. १८८४ नंतर तो दिसेनासा झाला. संग्रहालयांच्या खणांत सात वाळलेली कातडी, बाकी काही नाही.

त्या सातांपैकी एकावर चिठ्ठी होती: १९१४, मांडवी, तापीकाठ, गुजरात. संग्राहक कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन. त्यामुळे शोध घेणारे गुजरातकडे बघत राहिले. मधल्या काळात रानपिंगळ्याचा म्हणून एक फोटोही छापला गेला, तो पुढे साध्या पिंगळ्याचा निघाला. मग पॅमेला रासमुसेन या अमेरिकन संशोधक बाईंनी माइनर्ट्झहागेनच्या संग्रहाची उलटतपासणी घेतली. कर्नलसाहेबांनी संग्रहालयातून डेव्हिडसनचाच एक जुना पक्षी उचलला होता, त्याची शिवण उसवून नव्याने भरला होता आणि आपल्या नावाची खोटी चिठ्ठी बांधली होती. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हे सगळं १९९९ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केलं. पक्ष्याची चोरी समजू शकते, हौशी माणसं काहीही चोरतात. पत्ता खोटा लिहिणं हे मात्र मला अक्षम्य वाटतं. एका चिठ्ठीने कित्येक वर्षं लोकांना चुकीच्या जिल्ह्यात फिरवलं.

मांडवी वगळल्यावर खरे पत्ते उरले ते एकोणिसाव्या शतकातले. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट हे तिघे छत्तीसगडात शोधून रिकाम्या हाताने खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७ला सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर एक घुबड दिवसाढवळ्या ऊन खात बसलं होतं. डोक्यावर ठिपके नव्हते. ११३ वर्षांनी रानपिंगळा पुन्हा सापडला. त्याला शोधून काढण्यात अमेरिकन चिकाटी होती हे मान्यच. पण तो बसला होता उघड्यावर, उन्हात, नंदुरबारच्या माणसांच्या गाईगुरांच्या वाटेवर.

त्यानंतर सातपुड्यात, मेळघाटात तो ठिकठिकाणी मिळत गेला. सगळ्यांची समजूत अशी झाली की हा सातपुड्याचा पक्षी. आणि ऑक्टोबर २०१४मध्ये सुनील लाड आणि रोहिदास डगळे यांनी तो तानसा अभयारण्यात पाहिला. 'जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा'त त्याची रीतसर नोंद आली तेव्हा पक्षी बघणाऱ्यांमध्ये जी खळबळ उडाली ती मला चांगली आठवते. सातपुडा कुठे, शहापूर कुठे! मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आत, कसारा लोकल जिथून दिवसभर धडधडत जाते त्या तालुक्यात, जगातल्या दुर्मीळ घुबडांपैकी एक. त्याच मुंबईत १८८३ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) आहे, सलीम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक १९४१ साली इथेच प्रसिद्ध झालं, आणि तेव्हापासून दुर्बिणवाल्यांच्या पिढ्यान् पिढ्या या भागात फिरत आल्या आहेत.

रानपिंगळा स्थलांतर करत नाही. तो त्या वर्षीच उडत आला असेल असं मानायला माझं मन तरी तयार नाही. तो इथेच असणार आणि लोकांनी त्याला बघितलंही असणार. बघितलं, 'पिंगळा' असं लिहिलं आणि पुढे गेले. नवल बघायला निघालेल्या माणसाच्या डोळ्यांसमोरून नवल गेलं, कारण ते साध्यासारखं दिसत होतं. ज्यांनी साध्या पिंगळ्याचं डोकं शंभर वेळा निरखलंय त्यांनाच एकशेएकाव्या वेळी काहीतरी खटकणार. याद्यांच्या मागे धावून ही नजर येत नाही. ती शाळेच्या आंब्याखाली येते.

मला तो दिसला जानेवारीत, तलावाच्या अंगाला. बरोबर जवळच्या पाड्यावरचे एक महादेव कोळी काका होते. वाटाड्या म्हणून फिरतात, पण मुळात शेतकरी. दुर्बीण वापरत नाहीत, "ती लावली का बाकीचं दिसत नाय" असं त्यांचं म्हणणं. रानात शिरल्यावर ते वर बघतच नव्हते. चालत होते आणि ऐकत होते. एका ठिकाणी थांबले. पन्नासेक पावलांवर बारक्या पाखरांचा कालवा चालला होता: बुलबुल, शिंजीर, वटवटे, एक कोतवाल. "त्यांना कोणतरी गावलाय," काका म्हणाले. घुबड दिवसा दिसलं की लहान पक्षी असे गोळा होऊन त्याला शिव्या घालतात. शोधणाऱ्याचं निम्मं काम तेच करून ठेवतात.

सागाच्या वाळक्या फांदीवर तो बसला होता. पाठ उन्हाकडे. पहिल्या नजरेत पिंगळाच. मग एकेक गोष्ट जुळेना. डोकं सपाट राखट, त्यावर ठिपके जवळजवळ नाहीतच. पंखांवर आणि शेपटीवर रुंद, ठसठशीत पट्टे. पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा. पाय तर त्या देहाच्या मानाने भलतेच दांडगे, नखांपर्यंत पांढऱ्या पिसांत गुंडाळलेले. असे पाय सरडे आणि उंदीर दाबून धरायला लागतात. कोतवालाने झेप घातली तेव्हा त्याने शेपटी झटकन डावीउजवीकडे हलवली, जागा सोडली नाही. मला जंगली पिंगळ्याचीही शंका होती, तो या रानात भरपूर आहे. पण त्याच्या अंगावर, डोक्यावरसुद्धा, बारीक आडव्या रेघा असतात आणि तो 'कुक्क-कुक्क' करत वेग वाढवत नेतो. इथे डोक्यावर रेघही नव्हती आणि ठिपकाही नव्हता. काका म्हणाले, "यो येगळा. गावात ऱ्हातो त्यो कचाकचा बोलतो, यो तसा नाय बोलत." त्यांना हे कधीपासून ठाऊक आहे विचारलं. "बारीक हुतो तवापासून." शास्त्राला २०१४ साली जे कळलं ते एका पाड्यावर आधीच माहीत होतं, अशी एक टाळीची सांगता इथे करता येईल. मला ती करवत नाही. काकांना वेगळा आवाज ठाऊक होता. तो पक्षी जगात आणखी कुठे कुठे आहे, किती उरलेत, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. दोन्हीकडची माहिती एकमेकांपर्यंत पोचायला वाट हवी होती. ती फार उशिरा झाली.

मुरबाडच्या बाजूला गोष्टी जरा निराळ्या. इथे सह्याद्रीची भिंत जवळ येते, हवा ओलसर होते, सदाहरित झाडी सुरू होते. सिद्धगड म्हटलं की भाई कोतवाल आणि हिराजी पाटील आठवतात, २ जानेवारी १९४३ला दोघांना तिथेच हौतात्म्य आलं. गडाच्या माचीचं रान भीमाशंकर अभयारण्यात मोडतं आणि तिथे पक्ष्यांतल्या कोतवालांची सगळी भावकी भेटते. साधा काळा कोतवाल, पांढऱ्या पोटाचा, हिवाळ्यात येणारा राखी, चकाकणारा कांस्य, आणि शेपटीला दोन लांब दोऱ्या बांधून त्यांच्या टोकाला पिसं लावलेला भृंगराज. हा भृंगराज पक्का नकलाकार. हल्ली सगळ्यांच्या मोबाइलवर आवाज ऐकून पक्षी सांगणारं अॅप असतं. एकदा माझ्याबरोबरच्या तरुण मुलाने ते लावून धरलं तर पाच मिनिटांत सर्पगरुड, कुटुर्गा, हळद्या आणि सुतार अशी यादी पडद्यावर येऊन गेली. पोरगा हरखला. समोरच्या झाडावर एकटा भृंगराज बसला होता. अॅप वाईट नाही, मीही वापरतो. पण ते कानाला मदत करतं तोवर ठीक. कानाच्या जागी बसलं की कोतवालाची करमणूक होते.

माळशेजचं सांगायलाच हवं, नाहीतर कुणीतरी विचारणारच: "फ्लेमिंगो दिसले का?" जाहिरातींनी आणि सहलीच्या पत्रकांनी माळशेज घाट आणि फ्लेमिंगो यांचं लग्नच लावून टाकलंय. घाटात उभ्या कातळावर, धबधब्याखाली, फ्लेमिंगो काय करणार? त्याला उथळ पाणी आणि चिखल लागतो. तो दिसला तर घाट चढून पलीकडे, जुन्नर तालुक्यात, पिंपळगाव जोगे धरणाच्या फुगवट्यावर दिसतो. घाटातला खरा पावसाळी पक्षी शीळकरी कस्तूर. इंग्रज त्याला 'व्हिसलिंग स्कूलबॉय' म्हणत. धबधब्याच्या आवाजाला न जुमानता तो शीळ घालत असतो, आणि खाली शंभर माणसं मोबाइल उंचावून गुलाबी पक्षी शोधत असतात.

रानपिंगळ्याच्या वाट्याला गर्दी आली ती मात्र खरीच. नोंद प्रसिद्ध झाली आणि कॅमेरे आले. काही लोक मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावतात. पक्ष्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला. तो ढोली सोडून भांडायला येतो, फोटो होतो. मग दुसरी गाडी येते. विणीच्या दिवसांत हे दिवसभर चाललं तर ढोलीतल्या पिल्लांना भरवायचं कुणी? जगाच्या लाल यादीत तो २०१८ साली 'अतिसंकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त' झाला. कारण तो आणखी ठिकाणी सापडला. त्याचं बरं चाललंय असा त्याचा अर्थ होत नाही. आवाज वाजवून पक्षी बोलावणाऱ्याला माझ्या हिशोबी पक्षी दिसलाच नाही. त्याला फक्त त्याचा राग दिसला.

आणि राहायला ढोली लागते, ती जुन्या झाडात असते. राबासाठी ऐनाच्या फांद्या छाटतात, झाड खांबासारखं उभं राहतं. फेब्रुवारी-मार्चपासून भाताच्या रोपवाटिकेची जागा पालापाचोळा, शेण टाकून भाजतात. धुराच्या कडेला कोतवाल आणि वेडे राघू ठाण मांडून बसतात आणि पळणारे किडे टिपतात. राबाला नावं ठेवणारे बरेच आहेत, पण छाटलेला ऐन जिवंत राहतो, वर्षानुवर्षं, आणि म्हातारपणी आतून पोकळ होतो. मालकीच्या तोडीत गेलेला साग तसा परत येत नाही.

काकांच्या बांधावर असाच एक ऐन आहे, दोघांच्या कवेत न मावणारा. मी त्याच्याविषयी विचारलं.

"दोन सालांमागं ठेकेदार आला हुता. साग समदा नेला," ते म्हणाले. "ह्याला कुऱ्हाड उलटी करून ठोकलं, भद्द वाजला. पोकळ. म्हणला, ह्याचं काय करू मी, पैशे येणार नाय. ऱ्हायला मंग."

"आत कोण राहतं?"

"पयलं पोपट हुते. मग साळुंकी. एक साल घोरपड. आता पिंगळा हाय."

"कुठला पिंगळा?"

काकांनी तंबाखू मळता मळता माझ्या गळ्यातल्या दुर्बिणीकडे बोट केलं. "ती कशाला आणलीय मंग? टकुऱ्यावर टिपकं हायत का बगा."